चारशे मीटर

चौऱ्याण्णव साली विद्यापीठाच्या धावपटूंच्या संघाचा इतिहास लिहायला घेतलेली जननी जुन्या निकालांची वही काखेत मारून तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत वासुकीमामींकडे आली. मामींनी तिच्यापुढे कॉफी ठेवली.

"मामी, एकाहत्तरचा चारशे मीटरचा विक्रम तुमचा. के. वासुकी, वडलांचं आद्याक्षर लावून. पण त्र्याहत्तरात तो कुणा एस. वासुकीनं मोडला. तिचा काही पत्ता लागत नाही. तुम्ही ओळखता का तिला?"

उत्तर पेपरामागून मामींच्या नवऱ्यानं दिलं. "ही कशी ओळखणार? बहात्तरात आमचं लग्न झालं. बी.ए. पुरं कर म्हटलं, पण पळणं बंद, हे मी तेव्हाच सांगितलं होतं. त्यानंतर हिनं मैदानाचं तोंड पाहिलेलं नाही."

मामी पदराला हात पुसत राहिल्या. जननी त्या नावापुढे प्रश्नचिन्ह काढणार, तोच त्या म्हणाल्या, "थांब. लग्न झालं की आपल्याकडं आद्याक्षर नवऱ्याचं लागतं."

मग, बायकोनं घ्यायचं नसतं म्हणून बावीस वर्षांत कधी तोंडातून न काढलेलं नाव त्यांनी सावकाश उच्चारलं.

"एस म्हणजे सूर्यनारायण."