कुणीच न लावलेली बोली

गोटीरामआबांनी डोळे मिटले आणि सुनेला म्हणाले, आता मोठ्यानं वाच.

शुभांगीनं मोबाईल तोंडासमोर धरला. जुन्या पिको मशीनचा ऑनलाइन लिलाव चालू होता आणि संपायला सात मिनिटं उरली होती. म्हसरूळच्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात बसून तिनं चार वर्षं लोकांचे ब्लाउज शिवले होते. पण साडीला पिको करायचं म्हटलं की काम दुसऱ्या बाईकडे पाठवावं लागे, आणि गिऱ्हाईक हळूच तिकडचंच होऊन जाई. या महिन्यात तिला भिशी लागली, अकरा हजार. तिचा नवरा, समाधान, कंपनीत कामावर गेलेला. त्याला मशीन दारात आल्यावरच सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं. सासऱ्यांना मात्र विश्वासात घेतलं. आबांनी बाजार समितीत एकतीस वर्षं कांद्याचे लिलाव पुकारलेले. लिलाव म्हटल्यावर त्यांना वगळून कसं चालेल?

ती वाचत गेली. तिनं आठ हजार लावले की राजवीर नावाचा कुणीतरी आठ हजार दोनशे लावी. तिनं साडेआठ केले, त्याचे आठ हजार सातशे. नऊ हजार म्हटले, की लगेच नऊ हजार दोनशे. हातातोंडाशी आलेला घास हा मेला राजवीर पळवणार, असं तिला वाटत होतं.

“थांब,” आबा म्हणाले. “हा गडी दम घेत नाय.”

म्हणजे काय, ते त्यांनी समजावून सांगितलं. भाव चढला की खरं गिऱ्हाईक जरा गप्प होतं. शेजाऱ्याकडे बघतं, मिशीवरून हात फिरवतं, परवडतंय का ते मनाशी घोळवतं आणि मग बोलतं. हा मात्र तिचा आकडा पडतो न पडतो तोच दोनशे चढवत होता, एकदाही अडखळला नव्हता. ज्याला खिशातून पैसे द्यायचे असतात तो असा सुटत नाही, तू आता काही लावू नकोस, म्हणाले.

शुभांगीच्या डोळ्यांत पाणी आलं. सासऱ्यांचा शब्द तिनं आजवर मोडला नव्हता, पण आज मोडावासा फार वाटला. अंगठा मुठीत दाबून ती बसून राहिली. वेळ संपली आणि मशीन राजवीरला गेलं. गेलं ना आबा, एवढंच बोलून ती कुकर लावायला उठली. आबांनाही वाईट वाटलं. पोरीचं मन मोडलं खरं, आणि आपला अंदाज चुकलेला असला तर?

कुकरची शिट्टी व्हायच्या आत फोन वाजला. तिनं स्पीकरवर टाकला. अगदी मधाळ आवाजात एक माणूस सांगत होता, मॅडम, नशीब काढलंत, समोरची पार्टी मागे हटली, मशीन तुमचंच, नऊ हजारांत. फक्त ॲपवरून नको, तिथं कमिशन जातं. क्यूआर पाठवतो, अर्ध्या तासात पैसे टाका, दुसरं गिऱ्हाईक वाटच बघतंय. शुभांगीचा चेहरा असा फुलला की आबांना वाटलं, आपण आता मुकाट बसावं. तरी त्यांनी हात पुढे केला आणि फोन घेतला.

बोलले मात्र मऊ. साहेब, पैसे तयार हायेत, तेवढं व्हिडिओवर मशीन दाखवा अन् एखादी चिंधी चालवून दाखवा. तो म्हणाला, माल पॅक करून गोडाउनला ठेवलाय. मग सोडा की पॅकिंग, आम्हाला घाई नाय. तो म्हणाला, फोटो टाकलेत ना, लोक फोटोवरच घेतात.

“पाण्यात म्हैस अन् वर मोल, ते आमच्याकडं चालत नाय,” आबा म्हणाले. “कांदासुदिक आम्ही हात खुपसून बघतो.”

मधाळ आवाज एकदम खरखरीत झाला. म्हाताऱ्या, तुला काय कळतंय, असं काहीबाही बोलून त्यानं फोन कापला. पुन्हा लावला तर लागेना.

शुभांगीनं ॲपवर तक्रार टाकली. टाकताना तिनं पाहिलं, विकणारा आणि राजवीर, दोघांचीही खाती परवाच उघडलेली. म्हणजे राजवीर विकणाऱ्याचाच माणूस. मशीन नाही ते नाहीच, पण अकरा हजार घरात होते. चहाचा कप आबांच्या हातात देताना तिला या माणसाची फार माया आली. इतकं नेमकं कसं ओळखलंत, तिनं विचारलं.

“चोराच्या वाटा चोराला ठाऊक.”

ती हसली. आबा हसले नाहीत. एकतीस वर्षांत एकदा, अगदी एकदाच, त्यांनी कुणीच न लावलेली बोली पुकारली होती, ते सांगायला लागले. त्या दिवशी भाव पडलेला. ट्रॉलीपाशी उभा शेतकरी वर बघायला तयार नव्हता. आबांनी गर्दीतून कुणाची हाळी ऐकल्यासारखं केलं आणि क्विंटलमागे शंभर वाढवून पुकारले. हातचा माल जातो म्हणून व्यापाऱ्यानं त्यावर आणखी पन्नास चढवले.

“कुणाची ट्रॉली होती, आबा?”

“तुझ्या बापाची. तुमचं लग्न पंधरा दिवसांवर आलं व्हतं.” आबांनी कप खाली ठेवला. “व्यापाऱ्याला मागनं खरं सांगितलं मी. चार शिव्या घातल्या त्यानं, पन लग्नात पोटभर जेवून गेला.”

शुभांगीनं कप उचलला.

“माझे बाबा अजून येईल त्याला सांगतात,” ती म्हणाली. “त्या दिवशी अख्ख्या यार्डात आमच्याच कांद्याला भाव होता म्हणून.”

“मग सांगू दे की,” आबा म्हणाले. “कांदा लय चांगला व्हता त्याचा.”