गोंगाटाचं टेबल

स्पर्धेत एकमेकांचे विचार जोडणारी पट्टी कपाळावर लावून बाकी प्रत्येक संघ मुकाट्याने काम करत होता. कणकवलीची चार मुलं मात्र पट्ट्या बाजूला ठेवून कडाकडा भांडत होती.

"कुठली हो ही?" शेजारच्या शिक्षकांनी विचारलं. त्यांच्या शिक्षिका घाडीबाईंनी शरमून मान दुसरीकडे वळवली.

स्पर्धेचं काम असं होतं: पुरात अडकलेल्या छोट्या नमुना-घरी औषध पोचवायचं. बाकी सगळ्यांनी एकसारखे ड्रोन बनवले. परीक्षकांनी मोठा पंखा लावताच ते धडाधड कोसळले. कणकवलीचा दोरीवरचा डबा तेवढा हेलकावे खात पलीकडे पोचला.

"पट्ट्या का नाही लावल्या?" परीक्षकांनी विचारलं.

"लावल्या की सगळ्यांना लगेच पटतं, सर," मृण्मयी म्हणाली. "मग 'वारा सुटला तर?' असं विचारणार कोण?"

"आमची आहेत!" कुणी न विचारताच घाडीबाई ओरडल्या. "कणकवलीची!"