दुसऱ्याचं टपाल

वही आजही तांदळाच्या डब्यामागेच होती. केरबांनी ती बाहेर काढली, दाराला आतून कडी लावली आणि खिडकीच्या उजेडात मांडी घालून बसले.

चौतीस वर्षं अहमदपूरच्या गल्ल्यांत टपाल वाटलेला हा माणूस. ज्याला वाचता येत नव्हतं त्याला पत्र वाचून दाखवलं, पण न विचारता दुसऱ्याचं पाकीट कधी फोडलं नाही. याचा त्यांना भारी अभिमान. आणि आता ते पोटच्या पोरीची वही चोरून वाचत होते, तीही जर्मन भाषेत लिहिलेली.

हे जानेवारीत सुरू झालं. लुंबिनी, त्यांची एकुलती एक, सरकारी दवाखान्यात नर्स. ती त्यांना लातूरला एका डॉक्टरकडे घेऊन गेली. त्या डॉक्टरने नाडी बघायची सोडून शाळेतल्यासारखे प्रश्न विचारले. "दवाखाना हाय का इन्स्पेक्शन?" म्हणून केरबा मधूनच उठून बाहेर आले. लुंबिनी मात्र आत बराच वेळ बोलत बसली. त्याच आठवड्यात तिने मोबाइलवर जर्मन शिकायला घेतलं.

"कशाला गं?" केरबांनी विचारलं.

"अशीच हौस."

"तिकडं जर्मनीत नर्सा नेऊन राहिलेत म्हणं. चंद्रप्पाची पुतणी गेली."

"गेली असंल," लुंबिनी म्हणाली आणि भेंडी चिरत राहिली.

मग घरभर चिठ्ठ्या चिकटल्या. मिठाच्या डब्यावर, दिव्याच्या बटणावर, कपाटावर. वर जर्मन, खाली मराठी. गॅसच्या शेगडीवर तर 'बंद केला का?' असं दोन्ही भाषांत. महिन्यात दोनदा चहाचं पातेलं जळालं होतं हे खरं, पण केरबांच्या मते हल्ली पातेलीच पातळ येतात.

"मीठ मला कळत न्हाई व्हय?"

"माझ्या अभ्यासासाठी हाय बाबा. राहू द्या."

केरबांची बायको पारूबाई जाऊन सहा वर्षं झाली होती. पोरगीही गेली तर या घरात ते आणि चार भिंती. मध्ये एकदा लुंबिनीला हाक मारताना त्यांच्या तोंडून 'पारू' निघालं, तेव्हा ती कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. आईची आठवण आली असेल, असं त्यांना वाटलं. असं बघणारी पोरगी सोडून जायला निघते, याचा त्यांना रागही येई आणि रडूही.

ती आपण होऊन सांगणार नाही, हे उघड होतं. तांदळाच्या डब्यामागे लपवलेली तिची जर्मनची वही तेवढी खरं बोलेल. म्हणून केरबा जर्मन शिकायला लागले.

लुंबिनीने नवा मोबाइल घेतला होता. जुना घरीच पडून होता आणि त्यात शिकवणारं ॲप तसंच होतं. कपाटावर जर्मन-मराठी शब्दकोश आणि लहान मुलांचं एक चित्रांचं पुस्तकही होतं. पोरगी हुशार पण बेफिकीर, केरबा मनात म्हणाले. ती ड्यूटीवर गेली की दुपारभर ते मोबाइलमागून मोठ्याने शब्द म्हणत. लिपीची अडचण नव्हती, इंग्रजी पत्ते वाचण्यात हयात गेली होती. शब्द मात्र टिकत नव्हते.

मग त्यांनी आपली जुनी बीट धरली. रोज सकाळी टपालाच्याच वाटेने फिरायचं आणि दारोदार एकेक शब्द टाकायचा. पंचाक्षरी वाण्याच्या दुकानात 'पीठ', सुकन्याच्या शिलाई मशीनपाशी 'खिडकी', एसटी स्टँडच्या कोपऱ्यावर 'निरोप'. दुसऱ्या दिवशी त्याच दारात जाऊन शब्द परत मागायचा. आठवला नाही तर 'मालक सापडत नाही' म्हणून पुन्हा झोळीत.

"केरबा, एकटाच कुणाशी भांडून राहिलास?" वाटेत भेटलेल्या चंद्रप्पाने विचारलं.

"तुझ्या पुतणीच्या सरकारशी!" केरबा म्हणाले आणि पुढे गेले.

वही हळूहळू उलगडायला लागली. दवाखान्यात लुंबिनीचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, इथे मात्र टपोरं, सुटं. वाक्यंही आधी तीन-चार शब्दांची, मग लांबत गेलेली. एप्रिलात त्यांना एक वाक्य लागलं: 'वडिलांना हे कळता कामा नये.' जूनमध्ये: 'लातूरचा माणूस म्हणाला, उशीर करू नका.' ऑगस्टमध्ये: 'त्यांना एकटं सोडायचं माझ्या जिवावर येतं.'

त्या दिवशी केरबांना जेवण गेलं नाही.

"लातूरला जाणार हायस का?" त्यांनी ताटाकडे बघत विचारलं.

"हाव, सोमवारी. तुम्ही बी चला."

"माझं काय काम तिथं?"

"हाय थोडं," लुंबिनी म्हणाली आणि त्यांच्या ताटात भाकरी वाढली.

जर्मनीला जायच्या कागदांवर सह्या घेणार असेल, केरबांनी ताडलं.

आज रविवार. लुंबिनी ड्यूटीवर होती. शेवटचं भरलेलं पान राहिलं होतं, आणि आज ना उद्या ते वाचायलाच हवं होतं. कोशाची गरज दोनदाच पडली. झोळीत परत येणारे शब्द हल्ली कमीच झाले होते.

पानाच्या माथ्यावर पत्ता होता. पूर्ण नाव, गल्ली, अहमदपूर, पिनकोडसुद्धा. केरबांनी चष्मा पुसून परत बघितलं. पत्ता त्यांचाच होता.

'बाबा, हे वाचता आलं म्हणजे बीट पूर्ण झाली. लातूरचे डॉक्टर म्हणाले होते, यांचं विसरणं वाढत जाईल, डोक्याला रोज नवं काम द्या. सांगून तुम्ही ऐकलं नसतं. लपवलेलं मात्र वाचल्याशिवाय राहणार नाही, एवढी खात्री होती. मी तुम्हाला सोडून जाणार की नाही, ते आता पुढच्या पानावर जपानीत लिहिणार आहे.'