फॉर्म आधी पेन्सिलीने

“डॉक्टरकडे जायची वेळ आली ना आई, तर हिला एकटीला धाडू नकोस. तू जा बरोबर. आणि फॉर्म आधी पेन्सिलीने भरा. हिची खाडाखोड फार.”

मुलाचं हे सांगणं सासूबाईंनी मनाशी गाठ मारून ठेवलं होतं. म्हणून आज सकाळीच त्या पेन्सिल नि खोडरबर घेऊन टेबलाशी बसल्या होत्या. मूल होण्यासाठी उपचार करतात त्या दवाखान्यात साडेअकराची वेळ मिळाली होती. पहिलीच भेट.

तीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घातलेले हात. कागदही ते कडेला कड लावूनच रचत. रक्ताचे रिपोर्ट खाली, पाळीच्या तारखा वर. घरात धड फाईल एकच होती, निळी, जाडजूड. तिच्यातले जुने कागद काढून त्यांनी उशीच्या अभ्र्यात गुंडाळले, अभ्रा कपाटात ठेवला आणि कपाटाच्या दाराला टेकून जरा उभ्या राहिल्या. हल्ली त्या लवकर दमत.

सून समोर येऊन बसली. तिचेही डोळे जागरणाने सुजले होते.

“चहा घे आधी.”

“रिकाम्या पोटी यायला सांगितलंय.”

“मग मीही नाही घेत. देव तेवढंच उपासात धरील.”

“तुमच्या उपासांनी देवालाच ग्लानी आली असेल, आई.”

दोघी हसल्या, पण ते हसू फार टिकलं नाही. सुनेचा फोन वाजला. तिने तो टेबलावर ठेवून स्पीकर सुरू केला.

“मी कारखान्यातून परस्पर येतो,” तिच्या नवऱ्याचा आवाज आला. मागे यंत्रं धडधडत होती. “आता फोन इथल्या कपाटात ठेवावा लागेल. घाबरू नकोस. आई येतायत ना बरोबर?”

“येतायत.”

फोन बंद झाला. सुनेने फॉर्म पुढे ओढला.

“लग्नाला किती वर्षं झाली?” तिने वाचलं आणि पेन्सिल थबकली.

“दोन. लिही.”

“आणि आधीचं?”

“विचारलंय का त्यांनी? विचारलंय तेवढंच लिहायचं. दवाखान्यात एक शब्द जास्त बोललं की दोन तपासण्या मागे लागतात.”

सुनेने ‘दोन’ लिहिलं. पुढचा रकाना वाचला, “पतीच्या घराण्यात काही आजार?”

“साखर,” सासूबाई लगेच म्हणाल्या. “मला आहे, माझ्या वडिलांना होती. लपवायचं नाही हो काही. उद्या लेकराला त्रास नको.”

सुनेने वर पाहिलं. खाली मान घालून तिने ‘साखर’ लिहिलं, अगदी फिकट.

“चपला घालते,” म्हणत ती उठली.

सासूबाईंनी फॉर्म पुन्हा वरपासून तपासला. धुलाईघरात चादरी मोजत तसं ओळीओळीवर बोट ठेवत. बोट साखरेवर आलं आणि थांबलं. बराच वेळ थांबलं. मग त्यांनी खोडरबर घेऊन तो शब्द पुसला, चुरा फुंकला आणि फोन लावला.

“विहीणबाई, तुमच्या लेकाचा, आमच्या जावईबापूंचा फोन बंद आहे, म्हणून तुम्हाला विचारते. तुमच्या घराण्यात साखर आहे का हो कुणाला? नाही ना? बरं झालं. मी आपली सवयीने माझ्या लेकाकडची लिहायला सांगून बसले.”

पलीकडे काही बोललं गेलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं.

“त्यात माझं काय मोठेपण? हिचं पुन्हा लग्न लाव, असं तोच सांगून गेला होता. ते झालं. आता त्याने सांगितलेलं एवढंच राहिलंय.”

फोन ठेवून त्यांनी त्या रकान्यात ‘नाही’ लिहिलं आणि फॉर्म फाईलीत सरकवला. निळ्या फाईलीवर अजून मुलाचंच नाव होतं, शेवटच्या आजारपणातलं, शाईचं. ती बाजू आत वळवून त्यांनी फाईल छातीशी धरली आणि सुनेच्या पुढे पायऱ्या उतरू लागल्या.