तीस सेंटिमीटर

जाळीच्या दाराची कडी दोनदा वाजली. बेल वाजवली तर लहानगी जुई उठेल, म्हणून सोमवती रोज कडीच वाजवायची. पण ती यायची साडेआठला. आत्ता तर सहाही वाजले नव्हते.

कुमुद लॅपटॉपपुढून उठली. इंग्लंडमधल्या ट्यूक्सबरी नावाच्या गावाची यादी अर्धी तपासून झाली होती. घराचा नंबर, पोस्टकोड, समुद्रसपाटीपासून उंची. तिकडच्या पुराच्या विम्यासाठी लागतात हे आकडे. जुई उठायच्या आत जेवढे होतील तेवढे आपले.

दारात सोमवती. साडी छातीपर्यंत भिजलेली, केसांत चिखल. हातात एक रिकामं पातेलं.

"काजल?" कुमुदने आधी तिच्या लेकीचंच विचारलं.

"मचान पे थी, दीदी. सारी रात. हम नीचे खंभा पकड़के खड़े रहे." सोमवती उंबऱ्याबाहेरच थांबली. "अब ऊपर सड़क पे, मेट्रो के पुल के नीचे बिठाके आई हूँ. बुखार है. जुई बेबी की एक सूखी फ्रॉक दे दो."

कुमुदने वळून लॅपटॉपकडे बघितलं.

काल संध्याकाळी भांडी घासता घासता सोमवतीने विचारलं होतं, "टीवी पे जमुना दो सौ सात मीटर बोल रहे हैं, दीदी. मतलब कहाँ तक? घुटने तक?" दिल्लीत यमुनेच्या पात्रातल्या शेतांत माइक फिरत होता, खाली करो, खाली करो. शेजारीपाजारी ट्रॉलीत सामान भरत होते. आणि कुमुदने, चलो, आत्ता बघून सांगते, म्हणत ह्याच लॅपटॉपवर मयूर विहारचा पिनकोड टाकला होता. उंची आली २०९ मीटर.

"तुम तो दो मीटर ऊपर हो," ती म्हणाली होती. "आराम से सो जाओ."

ट्यूक्सबरीत एका पोस्टकोडात पंधरा-वीस घरं. आपल्या एका पिनकोडात बांधाच्या अलीकडच्या सोसायट्या, मार्केट, मेट्रो स्टेशन, आणि बांधाच्या पलीकडे, खाली नदीत, सोमवतीची भेंडी, भोपळे नि झोपडी. सगळ्यांना मिळून एक आकडा. दिवसाला चारशे उंच्या तपासणाऱ्या बाईला एवढं सुचू नये?

फोन थरथरला. नोएडाच्या ऑफिसातून विलास सर.

"उठलात ना मॅडम? अहो, ती ट्यूक्सबरीची बारा नंबरवाली बाई भडकलीय. तिचं घर चढावर आहे म्हणे, आणि आपण तीस सेंटिमीटर खाली दाखवलंय. लगेच बघा."

"तीस सेंटिमीटर," कुमुद म्हणाली.

"हो ना! म्हणजे बिल्कुल चालणार नाही हे. माणसं आपल्या आकड्यावर विसंबून असतात, मॅडम."

"त्या बाईला सांगा, पलंगावर चढून बस म्हणावं. पलंग असेल ना तिच्याकडे?"

"अं?"

"आणि चूक छातीपर्यंत आली तर काय करायचं असतं, सर? कुणावर भडकायचं असतं?"

मग विलास सरांचा आवाज एकदम खाली आला. "कुठल्या घराची, मॅडम? मोठी कम्प्लेंट आहे का? पोस्टकोड सांगा, पोस्टकोड."

तिने फोन कापला, आणि हातात धरवेना म्हणून सोफ्यावर फेकला.

मग कपाट उघडलं. फ्रॉक काढले, एक नाही, चार. स्वेटर. तापाचं औषध. माळ्यावरची ताडपत्री ओढली तर वरची बादली गडगडत खाली आली. येऊ दे. उठू दे सगळ्या बिल्डिंगला. पिवळ्या फ्रॉकवर अजून दुकानाची चिठ्ठी होती. जुईच्या वाढदिवसासाठी आणलेला. तिने ती दातांनी तोडली.

"नया वाला मत दो, दीदी."

"चूप." कुमुदने कपड्यांचा ढीग तिच्या हातात कोंबला. "तू मला बोलत का नाहीस काही? गाली दे. सगळे निघाले होते काल. तू माझ्यामुळे थांबलीस. दे ना गाली!"

ती मराठीतच ओरडत होती, हे तिच्या लक्षातही आलं नाही. सोमवतीला कळलं तेवढं कळलं. ती गडबडली, पातेलं ह्या हातातून त्या हातात घेतलं.

"आपको काहे दें? आपने तो देखके बताया था. बाकी किसी ने उतना भी नहीं बताया." मग तिने मान लांबवून आत टेबलाकडे पाहिलं, जिथे ट्यूक्सबरीची घरं एकाखाली एक ओळीत उभी होती. "दीदी, एक बार फिर देख दो ना. और चढ़ेगा?"

कुमुद टेबलाकडे वळली.

बादलीच्या आवाजाने जुई उठली होती. डोळे चोळत ती टेबलाशी आली, सवयीने खुर्चीवर चढली. आई काम करताना आकडे मोठ्याने वाचून दाखवायचे, हा तिचा रोजचा खेळ. आज तिने वाचले नाहीत. पडद्याकडे बघितलं, दारातल्या सोमवतीच्या भिजलेल्या साडीकडे बघितलं, तिच्या हातातला आपला पिवळा फ्रॉकही ओळखला.

"आई," तिने विचारलं, "मग काल तू आंटीला जो टू हंड्रेड नाइन सांगितला, तो कुणाच्या घराचा होता?"