डांबरावरची काळी रेघ

"माझ्याच गाडीने झालं," दादा म्हणाला, आणि ठिणगीने हातातला पाना टेबलावर असा आपटला की डब्यातले सगळे नट दचकले.

"खोटं!"

"तू मध्ये पडू नकोस," बाबा दुरुस्तीला आलेल्या मोटारीखालून म्हणाले. बाहेर यायची तसदीही त्यांनी घेतली नाही.

गॅरेजच्या स्टुलावर हवालदार घाम पुसत बसले होते. काल संध्याकाळी, मैदानाच्या वळणावर, घड्याळवाल्या काकांना मागून कुठलीशी मोटारसायकल चाटून गेली. काका कोलमडले, उजवं मनगट मोडलं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाचं मनगट! त्यांनी डोळे उघडले तेव्हा दादाची गाडी शेजारी उभी होती आणि दादा त्यांना उचलत होता. झालं, सगळ्या गल्लीने निकाल देऊन टाकला. आणि हा शहाणा मान खाली घालून हो म्हणत होता! सोमवारपासून त्याला मोटारसायकलच्या कारखान्यात नोकरी लागणार होती, नव्या गाड्या चालवून बघायची. एकदा गुन्हा नोंदवला गेला की कोण घेतंय त्याला?

काल ठिणगी मैदानात सरावाला होती. नाहीतर काकांना पाडणाऱ्याची गचांडी तिनेच धरली असती.

"अरे, मूग गिळून काय बसलायस? बोल ना काहीतरी!"

"बोललो की. चूक माझी आहे."

या थंडपणानेच तिचं डोकं फिरलं. एरवी किती जीभ चालायची याची! तिच्या मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीतल्या शर्यतीच्या गाडीची तर रोज टिंगल. "दिवा नाही, हॉर्न नाही, आरसा नाही. ही गाडी आहे की बोंब मारणारं शिवणयंत्र?" मग तीही सोडायची नाही. "आणि तुझी? ब्रेक तू दाबायचा, ठरवायचं मात्र आतल्या कॉम्प्युटरने! चाक जरा अडलं की ती 'आई गं' म्हणून सोडून देते. माझ्या गाडीवर जे होतं ते माझ्या हाता-पायाने होतं." एवढंच की ती रस्त्यावर चालवायची नव्हती. मैदानापर्यंत ढकलत न्यायची, हा बाबांचा नियम. उशीर झाला की तो मोडायचाही. मागचं चाक मुद्दाम जाम करून, शेपूट फर्रकन फिरवून वळायचं तिला नुकतंच जमलं होतं, आणि तेव्हापासून ती सायकलसुद्धा धड वळवत नव्हती.

चाक जाम करून.

ती तशीच थांबली. "हवालदारकाका, रस्त्यावर काही खूण होती?"

हवालदारांनी मोबाइल पुढे केला. डांबरावर काळीभोर, जाड, वाकडी रेघ.

"बघा! बघा!" ठिणगी उडीच मारायची बाकी होती. "ही जाम झालेल्या चाकाची रेघ आहे. दादाच्या गाडीला एबीएस आहे. कितीही करकचून दाबा, चाक जाम होऊच देत नाही ते. अशी रेघ उमटेलच कशी? विचारा बाबांना!"

मोटारीखालची खुडबूड थांबली.

"खरं का हो?" हवालदारांनी विचारलं.

 मोटारीखालून बाबांचा आवाज आला, "एबीएस बिघडतंही कधीकधी."

"बाबा!" तिचा आवाज चिरकला. "परवाच तुम्ही स्वतः तपासलंत! स्वतःच्या मुलाला बुडवताय?"

"ठिणगे, पुरे," दादा म्हणाला.

"पुरे नाही! गाडी काढ. सगळ्यांसमोर ब्रेक मारून दाखव. नाहीतर मी काढते."

"तू नको," हवालदार घाईने उठले. "चल रे, काढ गाडी."

दादा नाही-नाही म्हणत होता, पण हवालदारांपुढे त्याचं काय चालणार? गल्लीत माणसं गोळा झाली. समोरच्या दुकानातून हात गळ्यात बांधलेले घड्याळवाले काकाही आले. दादाने वेग घेतला, करकचून ब्रेक मारला. पुन्हा मारला. हवालदारांनी वाकून, चष्मा वर-खाली करून पाहिलं. काळी रेघ कुठेच नव्हती, नुसते फिकट ओरखडे.

"अरेच्चा!" काका म्हणाले. "मग मी उगाच पोराचं नाव घेतलं की!"

"घेतलंतच!" ठिणगीने कंबरेवर हात ठेवले. तिला आता कुणाचीच भीडभाड नव्हती. "आणि तुम्ही सगळ्यांनी मान डोलावली. खरा कोण ते शोधायला नको! म्हातारा माणूस पाडायचा आणि मागे वळून न बघता सुसाट निघून जायचं, लाज नाही वाटत? समोर येऊ दे एकदा. चामडी लोळवते की नाही बघा!"

लोक हसले. कुणीतरी टाळी वाजवली. बाबा गॅरेजच्या दारात येऊन उभे होते. ते हसले नाहीत.

हवालदार मात्र फोटो मोठा करून बघत होते. "बाई, तुला गाड्यांतलं बरंच कळतं. मग हेही सांग. रेघेच्या शेवटी, मातीत, हे चौकोनी ठोकळे उमटलेत ते कशाचे?"

"बघू." तिने मोबाइल हिसकावूनच घेतला. "हे? सोप्पं आहे. रस्त्याच्या टायरला नसतात असे. हे मैदानी—"

ती थांबली. गल्लीत टाळ्या कधी थांबल्या ते तिला कळलं नाही.

दादाने गाडी बंद केली, तिच्याजवळ आला आणि अगदी हळू म्हणाला, "काल मी तुझ्या मागूनच येत होतो."