कामापुरतं माहेर

ओसरीतल्या इंटरनेटच्या डब्यावरचा दिवा सकाळीच लाल झाला, आणि धोंडाबाईने भाताला जास्तीचं आधण ठेवलं.

"येवढं कशापायी?" ओट्यावरून कोंडाजीने विचारलं.

"कामाचं मानूस येनार. उपाशी धाडायचं व्हय?"

कोण येणार ते दोघांनाही ठाऊक होतं. फक्त तिचं नाव या घरात कुणी घेत नव्हतं.

लोणावळ्यातल्या एका मोठ्या हॉटेलात देशोदेशीची माणसं जमणार होती. रान, पाणी, शेती टिकवून विकास कसा करायचा आणि त्यात इंटरनेट कामी कसं आणायचं, यावर तिथे परिषद भरायची होती. आंदर मावळातल्या एखाद्या गावातल्या बायका पडद्यावरून थेट या पाहुण्यांशी बोलतील, असंही ठरलं होतं. त्यासाठी हे गाव निवडलं. समोरच्या डोंगरावरचा टॉवर नीट दिसतो तो एकट्या कोंडाजीच्या घरावरून, म्हणून इंटरनेटचा डबा त्याच्याच ओसरीत बसला. सरपंचांनी गळ घातल्यावर तो हो म्हणाला. डब्याची देखभाल करायला कोण येणार, हे मात्र त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आली ती स्नेहल. त्याची एकुलती एक लेक. औंढ्याच्या बौद्ध घरातल्या आकाशशी तिने लग्न केलं, तेव्हा कोंडाजी चारचौघांत बोलून गेला होता, "आता लेक म्हनून या घरात पाऊल ठेवायचं न्हाई." शब्द तोंडातून गेला, आणि तो माघारी कसा घ्यायचा हे या भल्या माणसाला काही केल्या उमगेना. मग त्याने एक पळवाट काढली. लेकीला तो 'मॅडम' म्हणू लागला. मॅडम आपल्या डब्यासाठी येतात, तर त्यांना कोण अडवणार?

धोंडाबाईचं एवढ्याने भागत नव्हतं. दिवा हिरवा, म्हणजे लाइन चालू असेतो लेक येत नसे, म्हणून ती हिरव्या दिव्याकडे बघून बोटं मोडायची. जगाच्या परिषदेचं काय व्हायचं ते होवो. तिला तिची पोर हवी होती.

दुपारी स्नेहल आली. फाट्यापासून चालत आल्याने तिचा चेहरा उन्हाने लाल झाला होता.

"मॅडमना पानी दे," कोंडाजी भिंतीकडे बघत म्हणाला.

स्टुलावर चढून स्नेहलने डबा उघडला, आत बघितलं आणि पुन्हा बंद केला. मग ओसरीत मांडी घालून तिने लॅपटॉप उघडला. थोड्या वेळाने दिवा हिरवा झाला. तिच्या हातात पाना किंवा पकड धोंडाबाईने आजवर पाहिली नव्हती. पोर हुशारच तेवढी, असं तिला वाटायचं.

"काय झालतं गं?"

"वांदरांनी वायर वढली आसंल."

जेवायला इंद्रायणीचा भात होता आणि वालाचं कालवण. स्नेहल सावकाश जेवत होती, पानातलं संपूच नये अशी. कोंडाजी पाठ करून बसला होता.

"मॅडमना तूप वाढ," तो म्हणाला.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. परिषदेचे मुख्य आयोजक सुहास सर बोलत होते. हात उष्टा म्हणून तिने स्पीकर लावला.

"स्नेहल, आता पुरे झालं. आणखी एकदा जरी लाइन गेली, तरी मी ते गाव वगळणार. आणि मग तूही या कामात नसशील."

"पक्कं झालंय सर. आता नाही जाणार."

तिने फोन ठेवला आणि पानाकडेच बघत म्हणाली, "आई, आता दिवा लाल व्हनार न्हाई. परिषद झाली की डबा काढून नेतील."

"आन तू?"

"माजं काम संपलं."

शाश्वत विकासाची परिषद, आणि डबा तेवढा पाहुणा. धोंडाबाईने हातातला घास पानात परत ठेवला.

लेक निघाली की ओटी भरायची, ही घरची रीत. पण मॅडमची ओटी कशी भरायची? सुपात काढून ठेवलेले तांदूळ तसेच राहिले. "येते," एवढं म्हणून स्नेहल उंबऱ्याबाहेर पडली. कोंडाजी गुरांना पाणी दाखवायला म्हणून गोठ्यात गेला आणि तिथेच बसून राहिला.

धोंडाबाईने कोयता घेतला.

ती स्टुलावर चढली. डब्याची वायर तिने मुठीत धरली. एक घाव घातला की दिवा लाल, आणि पोर परत दारात. इतका सोपा इलाज आजवर कसा सुचला नाही, याचं तिला नवल वाटलं.

मग तिला फोनवरचा तो आवाज आठवला. लेकीचं काम जाईल. गावासमोर, साहेबासमोर तिची मान खाली जाईल. आपल्याला ती डोळ्यांसमोर हवी, म्हणून तिच्याच पोटावर पाय द्यायचा?

तिने मूठ सोडली. कोयता खाली टाकून ती स्टुलावरून उतरली, आणि पदर तोंडाला लावून रडली. राहू दे हिरवा. जिथे असेल तिथे पोर सुखात राहू दे.

डोळे पुसून तिने वर पाहिलं, तर दिवा लाल झाला होता.

तिने वायरीवरून हात फिरवला. वायर धड होती. ती धावतच दाराशी आली. खळ्याच्या कडेला, घराकडे तोंड करून स्नेहल बसली होती. मांडीवरचा लॅपटॉप तिने मिटला, पिशवीत ठेवला, आणि ती घराकडे चालू लागली.